वजा चारचं वर्गमूळ

तोंडात चिवडा असताना माणसाने गणितावर बोलू नये, एवढी अक्कल मला अठराव्या वर्षी नव्हती. (आज आहे, असं माझ्या बायकोला, म्हणजे मंगलला, वाटत नाही. ते असो.) नगरच्या कॉलेजात प्री-डिग्री सायन्सला जाऊन मला जेमतेम चार महिने झाले होते. दिवाळीच्या सुट्टीत शेवगावला घरी आलो होतो आणि आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर वाटी घेऊन बसलो होतो. बाहेर ओट्यावर नाना, म्हणजे माझे वडील, अकरावीच्या पोरांची शिकवणी घेत होते. नाना हायस्कुलात गणित शिकवायचे. एका पोराच्या पाटीवर क्ष वर्ग अधिक चार बरोबर शून्य असं समीकरण होतं, आणि त्याने खाली बिनधास्त उत्तर लिहिलं होतं, अधिक-वजा दोन. नानांनी त्याचा कान धरला. “दोनाचा वर्ग किती?” पोरगं म्हणालं, “चार.” “वजा दोनाचा?” “चार, सर.” “मग वजा चार कुणाचा वर्ग? तुझ्या आज्याचा?” पोरं फिदीफिदी हसली. नाना म्हणाले, “कुणाचाच न्हाई. वजा संख्येला वर्गमूळ नसतं. लिही खाली, उकल नाही. गणित संपलं.” आणि तेवढ्यात आतून, चार महिन्यांचं ताजं ज्ञान आणि अर्धी मूठ चिवडा तोंडात घेऊन, मी ओरडलो, “असतं की नाना! दोन आय!”

एक शेंगदाणा उडून नानांच्या धोतरावर पडला. चौदा माना माझ्याकडे वळल्या, मग नानांकडे वळल्या. नानांनी शेंगदाणा दोन बोटांनी उचलून अंगणात फेकला, मेलेलं झुरळ उचलावं तसा. “आत जा,” म्हणाले, “आन् तोंड धू.” त्यानंतर शिकवणी पाच मिनिटांत संपली. संध्याकाळी जेवताना मी आपला पुस्तकातलं सांगायला गेलो, की वजा एकाचं वर्गमूळ आहे असं मानतात, त्याला आय म्हणतात, त्यावरून संमिश्र संख्या तयार होतात. नानांनी ताट पुढे सारलं. “ज्याला न्हाई त्याला हाय म्हनायचं. ह्यालाच कालेजात पाठवला व्हय?” मग आईकडे बघून म्हणाले, “ताट उचल. मळमळाय लागलंय.”

ही नुसती रागाची गोष्ट नव्हती. नानांना खरोखर शिसारी आली होती. गेली अठरा वर्षं ते वजा संख्येवर वर्गमुळाचं चिन्ह टाकणाऱ्या पोरांना बडवत आले होते, आणि त्या पोरांपैकी कोणी मामलेदार कचेरीत होता, कोणी ओव्हरसीयर झाला होता. शेतकऱ्याच्या घरातला हा माणूस पाढ्यांच्या जोरावर वर आला होता. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि शेवटी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. आमच्या घरात दिवेलागणीला देवाचं नाव कमी आणि औटकी जास्त. ‘औट दुणे सात’ हे सूर मी पाळण्यात ऐकले असावेत, कारण अजूनही कुठे साडेतीन दिसलं की मला झोप येते. नानांच्या जगात तीन पंचे पंधरा होते आणि पाच त्रिकही पंधराच होते, जे नव्हतं ते नव्हतं, आणि त्या भिंतीला टेकूनच ते उभे होते. मी आतून येऊन त्या भिंतीला लघुशंका केली होती. दुसरा शब्द मला सुचत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सगळंच किळसवाणं होतं. पाऊस दोन वर्षं नीट झाला नव्हता. विहिरीच्या तळाला हिरवट चिखल, टँकरच्या पाण्याला टाकीच्या गंजाचा वास, आणि रेशनवर मिलो. ज्यांनी मिलो खाल्ला नाही त्यांना मी काय सांगू. लाल ज्वारी म्हणायची, पण तिला ज्वारी म्हणणं हा ज्वारीचा अपमान होता. पिठाला ओल्या पोत्याचा वास यायचा. भाकरी थापली की कडा चिरायच्या, तव्यावर टाकली की मध्ये भेग पडायची, आणि भाजून निघायची ती विटेच्या रंगाची. पहिला घास तोंडात फिरत राहायचा. दुसरा खाली जायचा तो आईच्या धाकाने. गावातली म्हातारी माणसं म्हणायची की अमेरिकेत हे डुकरं खातात. हे खरं की खोटं मला माहीत नाही, पण त्या उन्हाळ्यात मला डुकरांबद्दल आदर वाटायला लागला.

त्यातच शाळेत ते परिपत्रक आलं. जूनपासून नवं गणित येणार होतं. संच, फल, सारणी, संमिश्र संख्या, आणि हे सगळं शिकवता यावं म्हणून तालुक्यातालुक्यांतल्या गणिताच्या शिक्षकांना मे महिन्यात पंधरा दिवस नगरला बोलावलं होतं. शेवटी प्रत्येकाने एक पाठ घ्यायचा, म्हणजे खरोखरीच्या वर्गाला सगळ्यांदेखत शिकवून दाखवायचं. त्यावर शेरा मिळणार आणि शेरा बरा असेल त्यालाच दहावी-अकरावीचं गणित मिळणार. बाकीच्यांनी पाचवी ते सातवी. हेडसरांनी नानांना हे बाजूला घेऊन सांगितलं, आणि वर सांगितलं की बी.एस्सी. झालेला एक तरुण अर्ज घेऊन दारात उभाच आहे. नानांनी परिपत्रक घरी आणलं ते शेपटीला धरून उंदीर आणावा तसं.  दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, “दत्तू, नाना विचारत्यात, नगरला तुझ्या खोलीवर दोघांची जागा व्हईल का?” नाना तिथेच दोन हातांच्या अंतरावर बसले होते. मी आईला म्हणालो, “त्यांना सांग, होईल.”

माझी खोली सावेडीत होती. आज तिथे बंगल्यांच्या रांगा आहेत आणि आम्हीही तिथेच राहतो, पण तेव्हा सावेडी म्हणजे बाभळी, ढेकळं आणि मध्येच कोणीतरी बांधलेली चार घरं. पत्र्याची एक खोली, एक स्टो, एक खाट. खाटेत ढेकूण इतके की मी नानांना ती आग्रहाने दिली, आणि ही माझी पितृभक्ती आहे असं त्यांना वाटू दिलं. नानांनी घरून मिलोचं पीठ डब्यात आणलं होतं. संध्याकाळी स्वतः भाकऱ्या करायचे, त्यांच्या चिरा पाण्याच्या बोटाने बुजवायचे. आणि तपकीर. नाना तपकीर ओढायचे हे मला जन्मापासून माहीत होतं, पण दहा बाय दहाच्या खोलीत ते नव्याने कळलं. चिमूट, झटका, मग सात-आठ शिंका, मग तो तपकिरी रुमाल. रुमाल धुऊन ते माझ्या पुस्तकांवरच्या दोरीवर वाळत घालायचे. धुतल्यावरही तो तपकिरीच असायचा. माझे दोन मित्र दारात आले की त्यांचं लक्ष आधी त्या रुमालाकडे जायचं, आणि माझं त्यांच्या नाकपुड्यांकडे. मला माझ्या बापाची किळस येत होती. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले, पण ते न लिहिता पुढचं सांगता येणार नाही.

पहिल्या दिवशी ट्रेनिंगहून परतल्यावर नाना बराच वेळ चप्पल न काढता उभे होते. शिकवायला पुण्याहून एक तज्ज्ञ आले होते. टेरिलीनचा पांढरा शर्ट, डाव्या करंगळीचं नख बोटभर वाढवलेलं, आणि बोलता बोलता ते नख कानात फिरवून टेबलाच्या कडेला पुसायची सवय. चाळीस-पन्नास वर्षांच्या शिक्षकांना ते ‘मंडळी’ म्हणायचे आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबून विचारायचे, “पोचतंय का तिकडे शेवटपर्यंत, की पाढे म्हणून दाखवू?” नाना म्हणाले, “लई बोलतो. शिकवत काहीच न्हाई.” मग चप्पल काढून, पिशवीतून शंभर पानी वही काढून, ती माझ्यापुढे ठेवून, भिंतीकडे बघत म्हणाले, “तू सांग.”

त्या दहा-बारा संध्याकाळी मी माझ्या बापाला शिकवलं. मी चांगला शिक्षक होतो असं मला तेव्हा वाटत होतं, आणि सुरुवातीला तसा होतोही. फल, म्हणजे इंग्रजीतलं फंक्शन, मी गिरणीवरून सांगितलं. वरून जे घालाल त्याचं खालून एकच काहीतरी निघतं. ज्वारी घातली तर ज्वारीचं पीठ, एकदा ज्वारीचं आणि एकदा गव्हाचं असं होत नाही. “म्हंजी गिरनी,” नाना म्हणाले, “मग गिरनी म्हना की सरळ.” सारण्यांनी, म्हणजे मॅट्रिक्सनी, त्रास दिला. आडवी ओळ उभ्या ओळीवर चालवायची हे त्यांनी हातांनी पक्कं केलं. डाव्या हाताचं बोट आडवं सरकवायचं, उजव्याचं वरून खाली, आणि ओठांत गुणाकार. पण दोन सारण्यांचा क्रम बदलला की उत्तर बदलतं, हे ऐकून त्यांनी पेन्सिलच खाली ठेवली. “तीन पंचे आन् पाच त्रिक येगळं? हे गनित न्हाई, लबाडी हाय.” मी म्हणालो, “नाना, आधी नांगरायचं मग पेरायचं. आधी पेरून मग नांगरलं तर?” नानांनी पेन्सिल पुन्हा उचलली. “तर बी वर येईल,” म्हणाले. “हां. ही कामं हायेत, आकडे न्हाईत. कामाला क्रम असतो.” आणि वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, क्रम महत्त्वाचा. इतकं नेमकं मला माझ्या प्रोफेसरांनीही सांगितलं नव्हतं.

आयची गाडी मात्र अडली ती अडलीच. त्याचं नाव काढलं की नानांचं तोंड मिलो खाल्ल्यासारखं व्हायचं. शेवटी एका संध्याकाळी मला काशीआत्या आठवली. काशीआत्या नानांची सख्खी बहीण नव्हे. आमच्या शेजारच्या वाडीतली, तिला भाऊ नव्हता, तिने नानांना भाऊ मानलेलं. मी विचारलं, “नाना, काशीआत्या तुमची बहीण आहे का?” “हाय की.” “रक्ताची?” “न्हाई. मानलेली.” “मग भाऊबिजेला लुगडं खोटं घालता का?” नाना चमकले. “खोटं कसं? लुगडं खरंच घालावं लागतं. तिच्या पोराच्या लग्नात मामा म्हनून मीच हुबा ऱ्हायलो.” “तसंच आय. मानलेला. पण त्याचा वर्ग केला की खरीखुरी वजा एक संख्या हातात येते.” नानांनी तपकिरीची डबी उघडली, चिमूट घेतली, आणि न ओढता तशीच धरून ठेवली. “असं व्हय,” म्हणाले. “मंग हे त्यांनी पह्यल्याच दिवशी का न्हाई सांगितलं? मानलेला म्हनलं की माझं भांडनच मिटलं.” आणि त्या दिवशी त्यांनी चांगली वीस गणितं सोडवली, एकामागून एक. मी आयुष्यात कोणाला इतकं खूश केलेलं नाही, मंगललाही नाही.

आता चूक. पाठाच्या दोन दिवस आधी नानांनी आपल्या पाठासाठी उदाहरणं निवडायला घेतली. मित्रांनी मला सहाच्या खेळाला सिनेमाला बोलावलं होतं, दोघे दारात सायकली घेऊन उभे होते, आणि त्यांच्यापैकी एकाने नुकताच त्या रुमालाकडे बघून दुसऱ्याला कोपर मारलेलं मी पाहिलं होतं. माझे कान तापले होते. नानांनी वहीत मांडलं होतं, वजा चारचं वर्गमूळ गुणिले वजा नऊचं वर्गमूळ. “दत्तू, हे आधी गुणायचं का आधी मानलेल्याचं रूप द्यायचं?” मी बुटात पाय घालत म्हणालो, “कसंही करा. करणीचाच नियम आहे, दोन्ही मुळं एका छताखाली घ्या, आत गुणा. छत्तीस. वर्गमूळ सहा.” नाना म्हणाले, “न्हाई पन, सारनीत क्रम लागत हुता. हितं न्हाई लागत?” “नाही लागत हो नाना. सहा. लिहा सहा.” “बग बरं का एकदा,” नाना म्हणाले. “पाठात घेतोय मी हे.” मी बघितलं नाही. वही माझ्यापुढे धरलेली होती, आणि मी म्हणालो, “बघितलं. बरोबर आहे.” सिनेमा कुठला होता तेही आता आठवत नाही.

पाठासाठी वर्ग पाहिजे होता आणि शाळांना सुट्टी होती. म्हणून कॉलेजात निरोप आला, शहरात जी पोरं राहिली असतील त्यांनी विद्यार्थी म्हणून बसायला यावं, चहा आणि बनपाव मिळेल. आम्ही बाराजण गेलो. नानांनी सकाळीच मला सांगितलं होतं, “आपुन बाप-ल्योक हे तितं कुनाला कळू देऊ नगं. लोक म्हन्तील घरचंच पोरगं बसवलंय.” मी लगेच हो म्हणालो. नाना प्रामाणिकपणाने सांगत होते आणि मी सुटलो म्हणून हो म्हणत होतो, एवढाच फरक. वर्गात पुढे आम्ही बारा, मागच्या बाकांवर तीस-पस्तीस शिक्षक, आणि खिडकीजवळ खुर्ची टाकून तज्ज्ञ, मांडीवर शेऱ्यांची वही. नानांनी धुतलेलं धोतर आणि बंद गळ्याचा कोट घातला होता. मे महिन्यात, नगरच्या उन्हात, बंद गळ्याचा कोट.

आणि काय शिकवलं त्यांनी! मानलेल्या बहिणीपासून सुरुवात केली. मागचे शिक्षक आधी हसले आणि मग माना हलवायला लागले. पाथर्डीकडचे एक म्हातारे सर तर मोठ्याने म्हणाले, “अरारा, हे आमाला पंधरा दिवस कुनी सांगितलं न्हाई!” तज्ज्ञांचं नख कानातून बाहेर आलं. फळ्यावर नानांचं अक्षर छापल्यासारखं उमटत होतं. मग त्यांनी ते उदाहरण घेतलं. दोन्ही मुळं एका छताखाली घेतली, आत गुणाकार केला, छत्तीस लिहिले, आणि खाली रेघ ओढून, सहा.

खडू सहाच्या शेपटीवर असतानाच मला चूक दिसली. दोन आय, तीन आय, सहा आय वर्ग. वजा सहा. मी मनातल्या मनात दोनदा केलं, दोन्ही वेळा वजा सहा. आधी रूप द्यायचं होतं. करणीचा नियम वजा संख्यांना चालत नाही, हे आम्हाला कॉलेजात पहिल्याच आठवड्यात तांबड्या शाईने लिहून घ्यायला लावलं होतं.

“शेवगावचे सर,” तज्ज्ञ गोड आवाजात म्हणाले, “पुन्हा एकदा पाहता का?” नानांनी फळ्याकडे पाहिलं. “बरोबर हाय, साहेब.” वर्गात ते शुद्ध बोलायचे. ‘हाय’ निसटलं तेव्हाच मला कळलं की ते घाबरले आहेत. “खात्री आहे?” “हाय.” तज्ज्ञ उठले आणि आम्हा पोरांकडे वळले. बारा जणांवर नजर फिरवून, का कोण जाणे, त्यांनी ते लांब नख माझ्याकडे केलं. “तू सांग रे. किती येतं?”

मी उभा राहिलो. नाना माझ्याकडे बघत होते. मला तीन गोष्टी करता आल्या असत्या. सहा म्हणता आलं असतं. येत नाही म्हणता आलं असतं. किंवा खरं ते सगळं सांगता आलं असतं, की वजा सहा येतं, साहेब, पण सरांना सहा मी सांगितलं, मी त्यांचा मुलगा, ते विचारत होते आणि मी बूट घालत होतो. मी म्हणालो, “वजा सहा, सर.” आणि तेवढ्यावर न थांबता, हुशार विद्यार्थ्याच्या त्या बुळबुळीत आवाजात, जो मला आजही माझ्या कानांत ऐकू येतो आणि अंगावर गोम चढल्यासारखं होतं, मी पुढे म्हणालो, “आधी आयच्या रूपात मांडायला हवं होतं.”

“शाबास!” तज्ज्ञांनी टाळी वाजवली. “बघा मंडळी, पोरांना येतं. मास्तरांना येत नाही.” मागे कोणीतरी हसलं. मग नानांकडे वळून, “काय हो सर, हे सहा कोणी शिकवलं तुम्हाला?” मी अजून उभाच होतो. नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हातातला खडू पेटीत ठेवला, बोटं कोटाला न पुसता एकमेकांवर घासली आणि म्हणाले, “कुणी नाही. माझी चूक झाली.” तज्ज्ञांनी शेऱ्याच्या वहीत काहीतरी लिहिलं, बराच वेळ लिहिलं. आणि मग आम्हा बाराजणांना चहा आणि बनपाव मिळाला. मी तो बनपाव खाल्ला. सगळा खाल्ला.

संध्याकाळी खोलीवर नानांनी भाकऱ्या केल्या. मी शिव्यांची वाट बघत होतो, शिव्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं.  हात धुताना, पाठमोरे, एकच वाक्य म्हणाले, “आधी रूप द्यायचं हुतं.” त्यात राग नव्हता. एखादी राहिलेली पायरी भरावी तसं म्हणाले. सकाळी पहिल्या एस.टी.ने ते शेवगावला गेले. दोरीवरचा रुमाल नेला, वही नेली.

जूनमध्ये अकरावीचं गणित त्या बी.एस्सी. तरुणाकडे गेलं आणि नानांना पाचवी ते सातवी मिळाली. अकरावीची पोरं ओट्यावर यायची बंद झाली. पहिले काही दिवस नाना संध्याकाळी सतरंजी घालून, फळा मांडून बसायचे, असं आईने मला सांगितलं. मग गल्लीतली बारकी पोरं पाढे म्हणायला यायला लागली आणि औटकी पुन्हा सुरू झाली. निवृत्त होईपर्यंत नानांनी वर्गमुळाच्या पुढचं काही शिकवलं नाही. मी तिकडे इंजिनियर व्हायला निघालो होतो, तो गुणांअभावी जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यात कारकून झालो. माझ्या उभ्या नोकरीत वजा संख्येचं वर्गमूळ काढायची वेळ एकदाही आली नाही. कुठल्या घाणेरड्या फुशारकीसाठी मी ते ज्ञान त्या वर्गात पाजळलं, हा हिशोब मला अजून लागत नाही.

नाना आता ऐंशीच्या घरात आहेत. डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. मागच्या दिवाळीत मी ठरवूनच शेवगावला गेलो. मंगल बरोबर होती; तिला हे सगळं मी लग्नानंतर कधीतरी सांगितलेलं होतं. ओट्यावर नाना बसले होते, मी शेजारी बसलो आणि घसा खाकरून, जवळजवळ पाठ केलेलं, बोललो. “नाना, ते नगरचं ट्रेनिंग. त्या पाठातलं ते गणित मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. मी घाईत होतो. मला माफ करा.” नानांनी मान माझ्या आवाजाच्या दिशेला वळवली. “गनित व्हय?” म्हणाले. “गनित चुकतंच, दत्तू. त्याचं काय येवढं.” आणि मान तशीच ठेवून बसले. बराच वेळ. मला वाटलं, ऊन खात असतील. मग त्यांनी डबी चाचपली, चिमूट घेतली, आणि मी त्यांना नमस्कार करून उठलो. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. परतताना एस.टी.त खिडकीशी बसून मी चक्क शीळ घालत होतो.

मंगल मूळची पारनेर तालुक्यातली, तिकडची माणसं बोलायला घाई करत नाहीत. निम्मा रस्ता सरला. मग म्हणाली, “अहो, ते थांबले होते, कळलं का तुम्हाला? तुम्ही पुढचं बोलाल म्हणून मान वळवून थांबले होते. चुकीचं शिकवलंत त्याची माफी मागितलीत. सहा कोणी शिकवलं असं त्यांना विचारलं, तेव्हा वर्गात उभं राहून गप्प बसलात, त्याची कुठं मागितलीत?”